भाऊ घरात आला आणि पेन्शन गेली

बेंगळुरूच्या रेल्वे वसाहतींत आणि डाक खात्याच्या क्वार्टर्समध्ये राहणारे आपले कितीतरी मराठी बांधव मूळचे खानापूर, निपाणी, बेळगावकडचे. गावी म्हातारी आई आणि तिच्या आधाराने जगणारा अपंग भाऊ, ही परिस्थिती त्यांतल्या अनेकांना नवी नाही. आई आहे तोवर कसेबसे निभावते. भावाला दरमहा अपंगांची पेन्शन मिळते, रेशन मिळते. आई गेली की खरा प्रश्न उभा राहतो. त्याला उठवणार कोण, आंघोळ कोण घालणार? मग आपला ट्रॅकमन किंवा पोस्टमन त्याला बेंगळुरूला दोन खोल्यांत घेऊन येतो. बाकीचे सारे वहिनी करते.

इथे एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. भावाचे नाव आपल्या रेशनकार्डात चढले की कागदोपत्री तो गरीब उरत नाही. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग पेन्शन योजना २००९ साली सुरू झाली. १८ वर्षांवरील, ८० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी ती आहे आणि केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये आहे. पण अट दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाची. कर्नाटकात ज्या कुटुंबात कायम सरकारी नोकर आहे, त्याला बीपीएल कार्ड मिळत नाही. म्हणजे भाऊ एकटा, निराधार पडून होता तोवर मदतीस पात्र. सांभाळणारा मिळाला की अपात्र! तो चंदगड-गडहिंग्लजचा असेल तर आणखी पंचाईत. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान महाराष्ट्राच्या रहिवाशालाच मिळते, ते हद्दीपलीकडे येत नाही.

शासन म्हणेल, भाऊ पगारदार आहे, त्याने पोसावे. पोसतोच आहे. परंतु अपंग माणसाच्या हाती येणारी ती रक्कम त्याची स्वतःची असते; औषधाला, दाढीला, कधी बिडीकाडीला. ती गेली की तो प्रत्येक रुपयासाठी वहिनीच्या तोंडाकडे पाहतो. आणि वहिनीच्या श्रमाचा तर हिशेबच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली काजल या अपघातग्रस्त मुलीच्या खटल्यात दिवसरात्र दोन मदतनिसांचे महिना १०,००० रुपये धरून या एकाच बाबीखाली २१ लाख ६० हजार रुपये मंजूर केले. कोर्टाला हे श्रम पैशात मोजता येतात, रेशन दुकानाच्या कागदात मात्र सांभाळणारा म्हणजे फक्त उत्पन्नाचा आकडा.

आता दुसरी बाजू पाहा. आपल्याच पेन्शन नियमांत, रेल्वे असो वा डाक, कर्मचाऱ्यावर पूर्णपणे अवलंबून असलेल्या अपंग भावा-बहिणीला २००९ पासून कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क आहे. विधवा, मुले, आईवडील यांच्यानंतर त्यांचा क्रम लागतो. येथे अवलंबित्व सिद्ध करावे लागते, आणि तुमच्याच घरी राहतो हा त्याचा चांगला पुरावा. एकाच छपराखाली राहिल्याने एक मदत जाते आणि त्याच कारणाने दुसरीचा हक्क तयार होतो. दोन्ही नियम दिल्लीतलेच! फरक इतकाच की पहिली मदत आज बंद होते आणि दुसरी मिळालीच तर तुमच्या मागे.

अपंग मुलाच्या बाबतीत नियम बरेच सुधारले आहेत, आणि हे संघटनांच्या पाठपुराव्याशिवाय झालेले नाही. २०१३ च्या आदेशापासून लग्न झाले म्हणून अपंग मुलाचे कुटुंब निवृत्तिवेतन बंद होत नाही. लग्नाची बायको हीच बहुतेकदा त्याची सांभाळणारी, तिला घरात आणल्याबद्दल पूर्वी दंड होता. उत्पन्नाची मर्यादाही २०२१ मध्ये वाढवली गेली, आणि तिथे मुलाचे स्वतःचे उत्पन्न पाहतात, सांभाळणाऱ्या भावाचे नव्हे. हेच तत्त्व गरिबांच्या पेन्शनला लावायला काय हरकत आहे?

कामावर जायबंदी होऊन १०० टक्के अपंग झालेल्या कर्मचाऱ्यास सतत मदतनीस भत्ता मिळतो. सहाव्या वेतन आयोगानंतर तो ३,००० होता, जुलै २०१७ पासून ६,७५० झाला. शुश्रूषा बायकोने केली काय किंवा पगारी माणसाने, भत्ता तोच, हे योग्यच आहे. पण त्या रकमेत बेंगळुरूत चोवीस तास राहणारी बाई मिळणार नाही, आणि मिळाली तर तीही कामगारच आहे, तिचे वेतन मारून आपला प्रश्न सोडवणे आपल्या संघटनेला शोभणार नाही. शिवाय पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या, पण ‘ड्यूटीमुळे नव्हे’ असा शेरा मिळालेल्या साथीला हा भत्ता नाहीच.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. केरळने ‘आश्वासकिरणम्’ योजनेत सांभाळणाऱ्यांना ६०० रुपये देऊ केले. कर्नाटकाने २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात १,००० रुपये जाहीर केले, तेही सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचा ऱ्हास, पार्किन्सन व मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारांपुरते. भत्ता आला म्हणजे सुटलो असेही नाही. ब्रिटनमध्ये सांभाळणाऱ्याने आपला भत्ता उचलला की अपंग माणसाची एक जादा रक्कम बंद होते. देणारा एका हाताने देतो आणि दुसऱ्याने घेतो.

म्हणून आठव्या वेतन आयोगापुढे मदतनीस भत्त्याची वाढ मागताना तो ड्यूटीबाहेरच्या अपंगत्वालाही लागू करा, ही मागणी हवी. आणि राज्य शासनांकडे केंद्रीय कामगार संघटना म्हणून मागणी हवी ती अपंग माणसाला पेन्शनसाठी स्वतंत्र कुटुंब मानण्याची, तो कोणाच्याही घरी राहत असो.

तोवर एक काम आपल्याच हातात आहे. सेवेत असतानाच कुटुंबाच्या तपशिलाच्या फॉर्ममध्ये अपंग मुलाचे, भावाचे, बहिणीचे नाव घाला, अपंगत्वाचा दाखला जोडा आणि पोच घेऊन ठेवा. मतिमंद मुलाच्या पालकाचे नावही त्याच वेळी द्या. अपंग नातलगाला सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याची नेहमीच्या बदलीतून सुटका करण्याचे आदेश आहेत, तो अर्जही शाखा सचिवाकडून तपासून घ्या.