‘५१ टक्के’ म्हणजे नेमके किती?

पुण्यात २००८ साली जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि विशेष शाळांत शिकणाऱ्या शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका त्यांनी जमवल्या आणि कोणते मूल कोणत्या गटातले ते केवळ पत्रिकेवरून ओळखण्याचे आवाहन ज्योतिषांना केले. ५१ जण तयार झाले. प्रत्येकाला ४० पत्रिका देण्यात आल्या, पण उत्तरे आली ती २७ जणांचीच. त्यांतल्या सर्वांत यशस्वी ज्योतिषाची २४ उत्तरे बरोबर निघाली. एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका पाहिल्या आणि १०२ अचूक ओळखल्या, म्हणजे ५१ टक्के. हे निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आकडा वाचायचा कसा, हे समजून घ्यायला मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

चाळीसपैकी चोवीस हे निम्म्याहून जास्त आहेत, मग त्या ज्योतिषाला काहीतरी कळत होते असे का म्हणू नये? संख्याशास्त्र इथे आधी उलटे गृहीत धरते: त्याला काहीही कळत नाही, तो नाणेफेक करून उत्तरे देतो आहे. याला शून्य गृहीतक म्हणतात. मग प्रश्न एवढाच उरतो की, नुसत्या नाणेफेकीने चोवीस किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता किती? ती शंभरात सुमारे तेरा आहे. म्हणजे सत्तावीस माणसे नाणी उडवत बसली, तर त्यांतली तीन-चार जण सहज चोवीसपर्यंत पोचायला हवीत. इथे एकच पोचला. हेच यश अठ्ठावीसपर्यंत गेले असते, तर गोष्ट वेगळी होती, कारण नशिबाने तिथे पोचण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी आहे. तेव्हा शून्य गृहीतकावर शंका घेणे भाग पडले असते. अशा तपासणीचा, म्हणजे परिकल्पना परीक्षणाचा, गाभा एवढाच आहे: जे घडले ते योगायोगाने घडणे कितपत सोपे होते, हे आधी मोजायचे आणि मगच त्याला अर्थ द्यायचा.

पण इथेच पुष्कळ जण, विज्ञानाच्या बाजूचेही, एक पाऊल पुढे घसरतात. गृहीतक फेटाळता आले नाही याचा अर्थ ते सिद्ध झाले असा होत नाही. त्या संस्थेचे ५१ टक्के हे दोनशे पत्रिकांवरून काढलेले अनुमान आहे. दुसऱ्या दोनशे पत्रिका दिल्या असत्या तर आकडा थोडा हलला असता. किती हलला असता, ते विश्वास अंतराल सांगते. येथे ९५ टक्क्यांचे अंतराल ढोबळमानाने ४४ ते ५८ येते. या ‘९५ टक्क्यां’चा अर्थही नीट घ्यायला हवा. अशा रीतीने शंभर वेळा अंतराल काढले, तर साधारण पंच्याण्णव वेळा खरे मूल्य त्यात सापडेल. ही हमी पद्धतीची आहे, एखाद्या विशिष्ट अंतरालाची नाही. आता या पल्ल्याकडे पाहा. पत्रिकेवरून सत्तर-ऐंशी टक्के अचूक सांगता येते हा दावा त्याच्या पार बाहेर पडतो. पंचावन्न टक्क्यांचा दावा मात्र आतच राहतो. तो पन्नासपासून खात्रीने वेगळा काढायचा, तर आठशेच्या आसपास पत्रिका लागल्या असत्या. म्हणून माझ्या मते प्रामाणिक निकाल असा: ज्या अचूकतेच्या भरवशावर लोक पत्रिका जुळवून लग्ने ठरवतात आणि मोडतात, तशी अचूकता या चाचणीत दिसली नाही, अगदी पुसट परिणामाबद्दल मात्र तिला काही सांगता येत नाही. ‘ज्योतिष खोटे ठरले’ या वाक्यापेक्षा हे विधान फिके वाटेल, पण ते खोडून काढणे अवघड आहे, आणि अंधश्रद्धेविरुद्धच्या कामाला असाच आधार हवा.

जन्मवेळा चुकीच्या असतील, नामांकित ज्योतिषी आलेच नाहीत, असे आक्षेप घेता येतात. पहिल्याला उत्तर सोपे आहे. एरवीही पत्रिका घरच्यांनी सांगितलेल्या वेळेवरूनच मांडतात. दुसऱ्यात तथ्य आहे. अंतराल फक्त योगायोगाचा हिशेब देते. कोण आले आणि कोण आले नाही, याचा हिशेब त्यात नसतो. त्यामुळे ही आकडेमोड ज्यांनी उत्तरे पाठवली त्यांच्यापुरतीच खरी.

याच नजरेने लशीचा आकडा पाहा. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीनंतर २०२१ मध्ये ७७.८ टक्के परिणामकारकता हा आकडा मथळ्यांत झळकला. तो १३० रुग्णांवर उभा होता: लस घेतलेल्यांत २४, न घेतलेल्यांत १०६. त्याचे अंतराल होते ६५ ते ८६. शून्य त्याच्या जवळपासही नाही, म्हणून लस काम करते हे ठामपणे म्हणता आले. डेल्टा विषाणूपुरता आकडा ६५.२ होता, पण रुग्ण कमी असल्याने अंतराल ३३ ते ८३ इतके पसरले. दोन्ही आकडे दशांशापर्यंत सारख्याच रुबाबात छापता येतात. त्यांच्या भरवशातला फरक फक्त अंतरालात दिसतो.

सामान्य वाचक अशा पल्ल्यांनी गोंधळेल, असे संपादकांना वाटते. मला हे पटत नाही. कांद्याचे बाजारभाव रोज किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे छापले जातात आणि शेतकरी ते नीट वाचतो. तो पल्ला वेगळ्या जातीचा आहे हे खरे, पण एका वस्तूसाठी एकाहून अधिक आकडे वाचायची सवय त्यातून दिसते. हवामान विभागानेही एप्रिल २०२४ मध्ये मोसमी पावसाचा अंदाज सरासरीच्या १०६ टक्के, अधिक-उणे ५ असाच दिला होता. तेव्हा संपादकांना विनंती एवढीच: मतचाचणी असो, औषध असो की पीकपाहणी, आकड्याशेजारी त्याचे अंतराल आणि किती जणांना विचारले ती संख्या छापा. त्याला अर्धी ओळ पुरते.