होडी लोटण्याआधी ओहोटीची वेळ बघा

होडीमालक, तांडेल आणि खलाशी बंधूंनो, ट्रॅक्टरवाल्यांनो, आणि पुण्या-मुंबईहून गाडीमागे ट्रेलर जोडून कोकणातल्या खाड्यांत येणाऱ्या हौशी मंडळींनो,

३१ जुलैला मासेमारीबंदीचे ६१ दिवस संपतात. १ ऑगस्टपासून शाकारून ठेवलेल्या होड्या बाहेर निघतील. दोन महिने ज्या रॅम्पवर फारसं कोणी फिरकलं नाही, तिथे एका सकाळी ट्रॅक्टर, जीप, ट्रेलर, बायामाणसं, पोरं सगळी गोळा होतील. पावसाने त्या काँक्रीटवर शेवाळ चढलेलं आहे. समुद्रातल्या धोक्याबद्दल आपण एकमेकांना सतत बजावतो. रॅम्पवरच्या वीस-पंचवीस पावलांबद्दल मात्र कोणी बोलत नाही. म्हणून हे कळकळीचं आवाहन.

सगळ्यात आधी पाण्याची वेळ बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा ठोकताळा आपल्या घराघरांत आहे: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दक्षिणेकडे वेळ थोडी अलीकडे येते, म्हणून छापील वेळापत्रकाशी ती पडताळून घ्या. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते आणि उधाणाची असते. त्या वेळी होडी सहज उतरते, कारण पाणी रॅम्पच्या वरच्या, खडबडीत भागापर्यंत आलेलं असतं. पण संध्याकाळी सहाला परत याल तेव्हा पुरती ओहोटी असते, आणि उधाणात पाणी जितकं वर चढतं तितकंच ते खोल उतरतं. तेव्हा उघडा पडतो तो रॅम्पचा खालचा, बुळबुळीत तुकडा. त्याच्या पुढे काँक्रीट संपतं.

त्या टोकाशी अनेक ठिकाणी खड्डा असतो, आणि तो बऱ्याचदा आपणच पाडलेला असतो. होडी ट्रेलरवर चढवताना इंजिनाचा जोर लावला की पंख्याच्या झोताने तिथली वाळू उडून जाते. ट्रेलरचं चाक त्या कडेवरून खाली गेलं की वर येत नाही. ट्रॅक्टर ओढायला जातो, त्याची चाकं शेवाळावर जागच्या जागी फिरतात आणि सगळं मागे घसरू लागतं. मागे उभ्या असलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

म्हणून उधाणाच्या दिवशी साडेतीनच्या आत परत या. नाही जमलं, तर खाडीत नांगर टाका, माणसं किनाऱ्यावर आणा आणि होडी दुसऱ्या दिवशी भरतीला काढा. अंधारात, ओहोटीत, दमलेल्या माणसांनी ती ओढू नका. ज्यांना थांबता येतं त्यांनी मोसमातली पहिली होडी अष्टमीच्या आसपास, भांगाच्या पाण्यात लोटावी. तेव्हा चढउतार कमी असतो.

आता माणसांबद्दल. होडी घसरू लागली की चार जण खांदा द्यायला धावतात. ही आपली चांगुलपणाची सवय आहे, पण रॅम्पवर ती जीव घेईल. इंजिन, जाळी आणि इंधन भरलेली होडी उतारावर खांद्याने थांबत नाही. तिला जाऊ द्या, होडी दुरुस्त होते. ट्रेलरच्या मागे किंवा होडी आणि ट्रेलर यांच्यामध्ये कोणीही, अगदी तांडेलानेही, उभं राहू नये. ताणलेल्या विंचच्या तारेच्या रेषेतही नको. इशारा एकाच माणसाने द्यायचा आणि चालकाने फक्त त्याचंच ऐकायचं. सगळे मिळून ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडतात तेव्हा चालकाला कुणाचंच नीट ऐकू येत नाही.

चालकाने उतारावर गाडीची काच खाली ठेवावी आणि सीटबेल्ट काढावा, म्हणजे गाडी पाण्यात गेलीच तर बाहेर पडता येईल. गाडी थांबली की हँडब्रेक, गिअर आणि चाकामागे दगड, तिन्ही हवेत. होडीचं बूच वरच, कोरड्यात घट्ट बसवा. नाळेचा पट्टा होडी तरंगेपर्यंत सोडू नका. ओल्या ट्रेलरवरून ती काँक्रीटवर आपटते. लांबून गाडी चालवत आलेल्यांनी ट्रेलरची चाकं थंड होऊ द्यावीत, नाहीतर तापलेल्या बेअरिंगमध्ये खारं पाणी शिरतं.

नारळी पौर्णिमेला उंच काठ्या-पताका लावून होड्या निघतात. ट्रेलरवर होडी आणखी उंच होते, तेव्हा धक्क्याजवळच्या विजेच्या तारा आधी बघा. पोरांना रॅम्पच्या वरच थांबवा, त्यासाठी एक मोठं माणूस नेमा.

कोणी पाण्यात पडलंच, तर मागोमाग उडी मारू नका. दोर किंवा रिकामा कॅन फेका आणि ११२ ला फोन करा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे.

शेवटची विनंती ग्रामपंचायतींना आणि मच्छीमार सोसायट्यांना. तारेच्या ब्रशने रॅम्पचं शेवाळ खरवडून काढा, आणि काँक्रीट जिथे संपतं तिथे दोन्ही बाजूंना रंगवलेले उंच खांब रोवा, म्हणजे भरतीतही ते टोक दिसेल. ही दोन्ही कामं फक्त ओहोटीला करता येतात. या आठवड्यातली एकही दिवसाची ओहोटी वाया घालवू नका.