कोष्ठ, कुष्ठ आणि ऐकणारे यंत्र

कांजूरमार्ग येथील आमच्या चिकित्सालयात काही काळापूर्वी घडलेला एक प्रसंग प्रथम सांगणे आवश्यक वाटते, कारण प्रस्तुत विषयावर लिहिण्याची प्रेरणा आम्हांस त्यातूनच झाली. साठीच्या घरातील एक बाई जुन्या मलावष्टंभासाठी आल्या होत्या. परीक्षण झाल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे केसपेपर हाताने न लिहिता मोबाइलसमोर बोलून सांगितला आणि यंत्राने उमटविलेला मजकूर छापून, सही करून, बाईंच्या हाती दिला. आम्ही बोललो होतो, "अग्नी मंद, कोष्ठ क्रूर". संध्याकाळी त्यांची सूनबाई एकटीच आली. दार लोटून घेतले आणि हलक्या आवाजात विचारू लागली, "डॉक्टर, सासूबाईंना कुष्ठरोग झालाय का हो? दुपारपासून त्यांचं ताट वेगळं केलंय आम्ही."

कागद पाहिला. त्यावर स्वच्छ टंकात "कुष्ठ क्रूर" असे छापलेले होते. खाली आमची सही.

आयुर्वेदाच्या परिभाषेत कुष्ठ हा त्वग्विकारांचा मोठा वर्ग आहे व त्याचे अठरा प्रकार सांगितले आहेत, हे सुज्ञ वैद्यांस सांगणे नको. परंतु चाळीतील शेजारणीला कुष्ठ म्हणजे एकच ठाऊक असते. शिवाय कुष्ठ नावाची वनस्पती वेगळी, आणि तिलाच मराठीत कोष्ठकोळिंजन म्हणण्याची रीत! माणसालाही जेथे घोटाळा व्हावा तेथे यंत्राचे काय? तरीही दोष प्रथम आमचाच. न वाचता सही करणे हा गुन्हा हस्तलिखिताच्या काळातही गुन्हाच होता. (आमचे अक्षर वाचून औषधविक्रेत्याने काय काय दिले असेल, याचा हिशेब येथे न काढलेला बरा.)

पण यंत्राने 'कोष्ठ' ऐकून 'कुष्ठ' का लिहिले, हे समजून घेतल्याविना त्याला शिव्या देणे किंवा डोक्यावर घेणे, दोन्ही व्यर्थ. वाणी ओळखणारे यंत्र आपल्यासारखे ऐकत नाही. आलेल्या ध्वनीचे ते सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढे बारीक तुकडे पाडते, प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंपनसंख्येची किती शक्ती आहे ते मोजते आणि त्या आकड्यांवरून हा 'क' असावा की 'ग', येथे 'ओ' असावा की 'उ', याची संभाव्यता मांडते. पूर्वीच्या पद्धतीत यासाठी तीन स्वतंत्र अंगे असत: वर्णध्वनींचे प्रतिमान, शब्दांचा उच्चारकोश आणि कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येतो याचे भाषिक प्रतिमान. गेल्या दशकभरात ही तिन्ही अंगे बहुतांशी एकाच मोठ्या कृत्रिम मज्जाजालात विलीन झाली आहेत. तत्त्व मात्र तेच राहिले. ध्वनी संदिग्ध असेल तेथे यंत्र अधिक परिचित शब्दाकडे झुकते. वृत्तपत्रे, शासकीय परिपत्रके, भाषणे यांतून त्याला 'कुष्ठ' शेकडो वेळा भेटला. 'कोष्ठ' फार तर 'बद्धकोष्ठता' या समासात. त्यात आम्ही घाईत बोललो, बाहेर लालबहादूर शास्त्री मार्गावरील बेस्टची बस ओरडत होती. 'ओ' चा 'उ' व्हायला वेळ तो किती? याच न्यायाने आमच्या 'निरूह बस्ती'ची 'निरू वस्ती' झाली होती. तेव्हा आम्ही हसून सोडून दिले होते. तेव्हाच सावध व्हावयास हवे होते.

या विद्येचा इतिहास तसा जुना आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५२ साली शून्य ते नऊ हे अंक ओळखणारे यंत्र केले, तेही एका ठरावीक माणसाच्या आवाजात. १९९७ साली घरगुती संगणकावर सलग बोलून इंग्रजी लिहिण्याची सोय आली. तिच्यासमोर वापरणाऱ्याने आधी बराच वेळ ठरावीक उतारे वाचून यंत्राला आपल्या आवाजाची सवय लावावी लागे. त्याच सुमारास अमेरिकन डॉक्टरांची ध्वनिमुद्रिते ऐकून टंकलिखित करण्याचा व्यवसाय आपल्याकडे फोफावला आणि आमच्या पिढीतील काही पदवीधरांनी उमेदीची वर्षे कानाला यंत्र लावून परदेशी रुग्णांचे इतिहास टंकित करण्यात घालविली. तेवढ्या कष्टांनी मराठी केसपेपर कोणी टंकित केले असते तर आज आपल्याजवळ केवढे भांडार असते!

मराठीसाठी काहीच झाले नाही असे मात्र नव्हे. आमच्या स्थानकावर सकाळी उतरणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बरेचजण पवईच्या आयआयटीकडे जाणारे असतात. त्या संस्थेने आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २०१० नंतरच्या काही वर्षांत एका महत्त्वाच्या कामात भाग घेतला. शेतकऱ्याने फोन करावा, पिकाचे व बाजाराचे नाव मराठीत उच्चारावे आणि यंत्राने त्या बाजारातील भाव सांगावा, अशी ती योजना होती. केंद्र शासनाच्या साहाय्याने सहा भारतीय भाषांत ती एकाच वेळी चालली. मराठीसाठी निरनिराळ्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे आवाज फोनवरूनच मुद्रित करण्यात आले, कारण यंत्र वापरणारा ज्या परिस्थितीत बोलणार त्याच परिस्थितीतील आवाज त्याला शिकवावयास हवा होता. पाठीमागे गाड्यांचे भोंगे, गुराढोरांचे हंबरणे, बाजारचा कोलाहल. हे सारे ऐकून माणसांनीच शब्द न् शब्द लिहून काढला आणि मधले अवांतर ध्वनी खुणा करून वेगळे दाखविले.

यंत्राचे 'प्रशिक्षण' म्हणतात ते हेच. कोणी तरी बोलावे लागते आणि कोणी तरी कान देऊन ते अचूक लिहावे लागते. २०२२ साली जगभर गाजलेल्या एका मुक्त प्रणालीला सुमारे ६ लाख ८० हजार तासांचा ध्वनी पुरविला गेला. त्यांतील सुमारे ४ लाख ३८ हजार तास निव्वळ इंग्रजी होते आणि उरलेल्या ९६ भाषांच्या लेखनासाठी मिळून १ लाख १७ हजार तास. आपल्याकडे त्याच वर्षी जुलैत केंद्र शासनाचा 'भाषिणी' उपक्रम सुरू झाला. चेन्नईच्या आयआयटीतील एआय४भारत या गटाने २०२४ साली २२ भाषांतील सोळा हजारांहून अधिक लोकांचे, सात हजारांहून अधिक तासांचे बोलणे प्रसिद्ध केले, आणि त्यातील मोठा भाग वाचलेला नसून उत्स्फूर्त बोललेला आहे. हे काम निःसंशय मोलाचे आहे. पण त्यात शेती असेल, बँक असेल, बाजारहाट असेल. क्रूर कोष्ठ, सामवात, निरूह आणि अनुवासन कोण बोलणार? ते बोलणारे आपणच.

यंत्राची अचूकता मोजण्याची रीत पाहिली की हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. चुकीने बदललेले, गाळलेले आणि घुसडलेले शब्द मोजायचे व त्या बेरजेला मूळ शब्दसंख्येने भागायचे. (शब्द गळू नये, घुसू नये, उलटू नये यासाठी आपल्या पूर्वजांनी क्रम, जटा आणि घन हे पाठ रचले, ही आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.) शंभरांत पाच शब्द चुकले तर यंत्र उत्तम ठरते. पण ते पाच कोणते? 'आहे', 'आणि', 'रुग्णास' हे शब्द यंत्र कधीच चुकवीत नाही. चुकते ते व्याधीचे नाव, कल्पाचे नाव, मात्रा, आणि 'होतो' व 'होत नाही' यांतला तो एक 'न'. व्याख्यानात चाललेली पाच टक्क्यांची चूक केसपेपरवर चालत नाही. आयुष मंत्रालयाने २०१७ साली नमस्ते पोर्टलद्वारे आपल्या व्याधिनामांना प्रमाण संकेतांक दिले. उद्या बोललेल्या शब्दावरून यंत्र थेट संकेतांक टाकू लागले, तर एका स्वराच्या फरकाने रुग्ण आयुष्यभर भलत्याच रकान्यात जाऊन बसेल.

मराठीच्या स्वतःच्या अडचणी आणखी वेगळ्या. 'चार'मधला च निराळा, 'चाक'मधला निराळा. 'जठर' आणि 'जाड' यांतील ज एकाच अक्षराने लिहितो पण जीभ दोन जागी लावतो. आमच्याकडे येणारे रुग्ण तर एकाच दुपारी मालवणी, सातारी, आगरी आणि उत्तर भारतीय वळणाची मराठी बोलतात. 'पोटात गुबारा धरतो', 'कळ येते', 'चमक निघते', 'मुंग्या येतात', 'भडभडतं' या शब्दांत वेदनेचे जे सूक्ष्म भेद आहेत ते पुस्तकी मराठीवर वाढलेल्या यंत्राला कसे कळावेत?

येथवर प्रश्न शब्दांचा झाला. याहून गंभीर प्रश्न, आमच्या मते, शब्दांपलीकडच्या ध्वनींचा आहे. योगरत्नाकराने अष्टविध परीक्षेत शब्दाला नाडीच्या पंक्तीत बसविले. चरकाचार्यांनी इंद्रियस्थानात प्रकृतिस्वर आणि विकृतिस्वर यांचा विचार अगदी आरंभीच केला आहे. रुग्ण काय बोलतो याइतकेच तो कसे बोलतो, कोठे थांबतो, वाक्याच्या मध्ये श्वास घेतो का, खोकल्याआधी दचकतो का, हे आपण ऐकत असतो. लेखन करणारे यंत्र मात्र नेमके हेच टाकून देण्यासाठी शिकविलेले असते. खोकला, उसासा, हुंदका, दीर्घ विराम त्याच्या लेखी कचरा होय. इतकेच नव्हे, तर कधी कधी ते रिकाम्या जागी स्वतःचे शब्द भरते. वर उल्लेखिलेल्या २०२२ च्या प्रणालीची अमेरिकेतील संशोधकांनी तपासणी केली, तेव्हा सुमारे एक टक्का ध्वनिखंडांत कोणीही न उच्चारलेली वाक्ये आढळली, असे त्यांनी २०२४ साली प्रसिद्ध केले. मेंदूच्या आघाताने ज्यांची वाणी अडखळते अशा लोकांच्या बोलण्यात हे प्रमाण अधिक होते, कारण त्यांचे विराम दीर्घ असतात. पक्षाघाताचा रुग्ण शब्द शोधत थांबला असता यंत्राने त्याच्या तोंडी वाक्य घालावे आणि वैद्याने ते इतिहास म्हणून वाचावे, ही कल्पनाही आम्हांस सहन होत नाही.

म्हणून आमचे मत असे बनले आहे की यंत्रासमोर वैद्याने बोलावे, रुग्णाने नव्हे. संपूर्ण संभाषण मुद्रित करून त्यावरून केसपेपर आपोआप तयार करण्याची जी सोय आता विकली जात आहे, ती आपल्या चिकित्सालयांत निदान सध्या तरी येऊ नये. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमतीची तरतूद आहे. पण वेदनेने वाकलेला मनुष्य टेबलावरील यंत्राला संमती देतो म्हणजे नेमके काय देतो? काही वैद्यमित्र म्हणतात की दिवसाला पन्नास रुग्ण पाहायचे तर लिहिणार कधी? प्रश्न खरा आहे. बोटे आखडेपर्यंत आम्हीही लिहिले आहे, आणि बोलून लिहिण्याने रोजचा पाऊण तास वाचतो हे आम्ही नाकारीत नाही. म्हणूनच तो प्रसंग घडूनही आम्ही यंत्र टाकून दिलेले नाही.

उलट, संघटनेने याच कामी पुढाकार घ्यावा असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. प्रत्येक जिल्हाशाखेतील चार-पाच वैद्यांनी, स्त्री-पुरुष, तरुण-वृद्ध असे पाहून, काल्पनिक केसपेपर आपापल्या नित्याच्या उच्चारात, आपापल्या दवाखान्यातील पंख्याच्या आवाजासह वाचून मुद्रित करावेत. रुग्णाचे नाव वा आवाज त्यात मुळीच नको. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ते ऐकून लिहावेत आणि दुसऱ्याने तपासावेत. कल्पांची, द्रव्यांची व लक्षणांची उच्चारासह सूची करावी. कोष्ठ-कुष्ठ, बस्ती-वस्ती अशा जोड्या त्यात ठळकपणे घालाव्यात. त्यातून तयार झालेला संग्रह पवईसारख्या संस्थांच्या स्वाधीन करावा, पण तो कोणा एकाच कंपनीच्या मालकीचा होणार नाही, ही अट घालून. वाक्ये वाचून देण्याची व इतरांनी वाचलेली तपासण्याची 'कॉमन व्हॉइस' ही मुक्त व्यवस्था मराठीलाही उपलब्ध आहेच; तीत सहभागी होण्यासाठी कोणत्याही ठरावाची वाट पाहावी लागत नाही.

आमच्यापुरती आम्ही अशी दीडशे शब्दांची सूची केली आहे. व्याधिनाम, मात्रा आणि नकार या तीन गोष्टी आता आम्ही पेनानेच लिहितो. उरलेले यंत्र लिहिते आणि ते मोठ्याने वाचल्याखेरीज कागद सहीसाठी पुढे घेत नाही.

त्या बाईंच्या घरी आम्ही दुसऱ्याच दिवशी स्वतः जाऊन दुरुस्त केलेला कागद दिला, सर्वांसमोर वाचून दाखविला आणि चूक आमची असल्याचे सांगितले. पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. पोट कसे आहे म्हणून विचारले, तर पदर सावरीत टेबलावरील मोबाइलकडे पाहत राहिल्या. आम्ही तो उचलून खणात ठेवला. तेव्हा कुठे त्या सांगू लागल्या.