कवीचे नाव आणि कवितेचा रस्ता

रस्त्याला, चौकाला, बागेला, नाट्यगृहाला साहित्यिकाचे नाव देण्याची हौस मराठी समाजात मोठी आहे. या हौसेमागे आदर नसतो, असे आम्ही म्हणणार नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. नाव दिले की त्या साहित्यिकाचे ऋण फिटले, हा जो समज पाटीबरोबरच उभा राहतो, त्यावर आमचा रोख आहे. लेखकाचे ऋण वाचूनच फिटते. वाचनाला वगळून केलेला सन्मान किती पोकळ असतो, हे एकाच वर्षातल्या दोन घटनांनी दाखवून दिले आहे.

ते वर्ष 2017. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्यातील जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानातून राम गणेश गडकरी यांचा अर्धपुतळा रात्रीतून उखडून मुठेत टाकण्यात आला. संभाजी ब्रिगेडने त्याची जबाबदारी घेतली. कारण दिले गेले ते ‘राजसंन्यास’ या नाटकातील संभाजी महाराजांच्या चित्रणाचे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात दादर-सावंतवाडी राज्यराणी एक्स्प्रेसचे नामकरण ‘तुतारी एक्स्प्रेस’ असे झाले. केशवसुतांच्या कवितेचा तो गौरव होता. एका लेखकाचा अवमान झाला आणि दुसऱ्याचा सन्मान. योगायोग असा, की गडकरी स्वतःला केशवसुतांचे शिष्य म्हणवीत. आम्हांला मात्र या दोन घटनांत विरोधापेक्षा साम्यच अधिक दिसते. ‘राजसंन्यास’ हे गडकऱ्यांचे अपुरे राहिलेले नाटक. 1919 साली ते वारले आणि नाटक त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले. अपुऱ्या संहितेतील पात्राच्या तोंडचे वाक्य हे नाटककाराचे मत मानावे काय, ऐतिहासिक व्यक्तीच्या चित्रणात नाटककाराला किती मोकळीक असावी, हे खरे वाङ्मयीन प्रश्न होते. वाद रंगला तो मात्र पुतळा कोणाचा आणि बाग कोणाची यावर. ‘तुतारी’च्या बाबतीत तर वादही झाला नाही. रूढी मोडून काढण्याची हाक देणारी 1893 सालची कविता वेळापत्रकातले एक नाव होऊन बसली आणि कोणालाही ती टोचली नाही. ज्या समाजाला ‘तुतारी’ टोचत नाही, त्याने ती ऐकली आहे असे कसे म्हणावे?

पुतळा उखडणे निंद्यच होते. परंतु त्यावर अधिक भक्कम चौथरा आणि अधिक उंच कुंपण हा उपाय नव्हे. नाव आणि मुखवटा एवढेच उरले की साहित्यिक हा एखाद्या गटाचे निशाण होतो, आणि निशाण एकाने उभारले की दुसऱ्याने उतरवावे हा क्रम चालूच राहतो. संहिता अशी सहजासहजी उखडता येत नाही. तिच्याशी भांडायचे तर आधी ती वाचावी लागते.

याहून वेगळी रीत आपल्याकडे नाही काय? आहे, आणि ती रत्नागिरीजवळच आहे. रत्नागिरीहून निवळीचा वळसा टाळून समुद्राच्या कडेने आरे-वारेमार्गे निघाले की रस्ता गणपतीपुळ्याला पोहोचतो. तेथून मालगुंड अगदी जवळ. केशवसुतांचे हे जन्मगाव. कोकण मराठी साहित्य परिषदेने मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने 1994 साली येथे स्मारक उभे केले. जुने कौलारू घर जपले, आणि आवारात कवीच्या निवडक कविता दगडांवर कोरून लावल्या. हयातीत ज्यांचा एकही संग्रह निघाला नाही, त्या कवीच्या कविता येथे वाटसरूला उभ्याउभ्या वाचता येतात. स्मारक असावे तर असे. आरे-वारेच्या वळणावर मोटार थांबवून समुद्राचे छायाचित्र घेणाऱ्या प्रवाशाला आम्ही नावे ठेवणार नाही. पुढे मालगुंड आहे आणि तेथे वाचण्यासारखे काही आहे, हे त्याला सांगण्याचे काम साहित्य शिकविणाऱ्यांचे आहे.

आमच्या मागणीवर एक रास्त आक्षेप येईल. दगडावर कोरलेली कविताही पाटीसारखीच नजरेआड होते, आणि निवड करणारे नेहमी निरुपद्रवी कविताच निवडतात. आक्षेपाचा उत्तरार्ध आम्हांला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच आम्ही एक कविता सुचवितो.

तत्पूर्वी ‘सार्वजनिक’ या शब्दाकडे थोडे पाहिले पाहिजे. लोकांच्या पैशाने, सर्वांसाठी बाग, ही कल्पना उत्तर इंग्लंडातील बर्कनहेड या गावी 1847 साली प्रत्यक्षात आली. 1850 साली तेथे गेलेला अमेरिकन उद्यानरचनाकार ओल्मस्टेड प्रभावित झाला तो सर्व थरांतले लोक त्या बागेचा सारखाच उपभोग घेतात हे पाहून. मुंबईची राणीची बाग 1862 सालची. बाग आली, रस्ते आले, नगरपालिका आल्या. पण ‘सर्वांसाठी’ हा अर्थ आपोआप आला नाही. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव 1924 मध्ये केला, तरी पाण्याला हात लावण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. आणि त्याच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधी, 1888 साली, केशवसुतांनी ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ लिहिली होती. सावली पडेल म्हणून दूर हाकलला गेलेला मुलगा घरी येऊन आईला विचारतो की असे का? वाट सर्वांची असते काय, हाच त्या प्रश्नाचा गाभा आहे.

ही कविता रस्त्यावरच लावावी. केशवसुतांचे नाव जेथे जेथे दिले आहे, त्या प्रत्येक ठिकाणी नावाखाली ती असावी. गडकऱ्यांच्या नावाच्या प्रत्येक वास्तूत ‘राजसंन्यास’चे एक पान आणि त्यावरचा साधार आक्षेप शेजारीशेजारी असावा. पाने निवडण्याचे, टीपा लिहिण्याचे काम मराठीच्या विभागांनी विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावे. प्रकल्पांच्या नावाखाली लेखकांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी उतरवून घेण्यापेक्षा त्यात अधिक शिक्षण आहे. त्यावरून भांडणे होतील, आणि ती व्हावीत. नावावरून झालेल्या भांडणात पुतळा नदीत जातो. ओळीवरून भांडायचे तर दोन्ही बाजूंना ती ओळ पुन्हा वाचावी लागते.