आधीं खोली, मग यंत्र

उत्तम ध्वनियंत्र घरांत असावें ही इच्छा आतां केवळ धनिकांची राहिलेली नाहीं. सुशिक्षित कुटुंबांतील मिळवता मुलगा पहिल्या दोन-तीन वर्षांच्या शिलकेंतून दुचाकी घेतो, तसाच एखादा संगीताचा वेडा तरुण स्पीकर, अँप्लिफायर आणि टर्नटेबल ह्यांचा संच जुळवूं पाहतो. वडील मंडळी ह्यास खर्चिक छंद म्हणून नाक मुरडतात. आणि तरुण मंडळी, वडिलांस ह्यांतलें काय कळणार, असें म्हणून त्यांस विचारीत नाहींत. आमच्या मतें दोन्ही पक्षांचें थोडें थोडें चुकतें. छंद वाईट नाहीं. परंतु तो ज्या क्रमानें केला जातो तो क्रम बहुतेक घरीं उलटा असतो, आणि त्या उलट्या क्रमापायीं पैसाही जातो व घरांतला सलोखाही जातो. एकत्र कुटुंबानें ह्या बाबतींत कसें वागावें, ह्याचा थोडा विचार ह्या वेळीं करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा छंद आपणांस नवा नाहीं. १९०२ सालच्या अखेरीस कलकत्त्यास गौहरजान ह्यांचें गाणें तबकडीवर उतरलें. १९०८ सालीं तेथेंच सियालदा येथें तबकड्या तयार करण्याचा कारखाना निघाला. आणि पाहतां पाहतां महाराष्ट्रांतील घरोघरच्या सोप्यांत कर्णा येऊन बसला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मिळत. तेवढ्या अवधींत अब्दुल करीमखांसाहेबांनीं राग उभा करावा, बालगंधर्वांनीं पद रंगवावें, आणि घरांतील लहानथोरांनीं भोंवतीं बसून तें ऐकावें, असा परिपाठ होता. चावी देण्याचा मान मुलांचा, सुई बदलण्याचा अधिकार वडिलांचा. पुढें १९४८ सालीं लाँग प्ले तबकडी निघाली व एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणें मावूं लागलें. १९५८ सालापासून ती स्टीरिओ झाली. १९८२ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क आली. यंत्र सुधारत गेलें, परंतु त्याच्या भोंवतीं बसणारीं माणसें मात्र कमी होत गेलीं. आज एकाच छपराखालीं पांच माणसें पांच कानांतलीं यंत्रें लावून पांच निरनिराळीं गाणीं ऐकतात. म्हणून नवें यंत्र घेणाऱ्यानें पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा कीं, हें यंत्र माझें आहे कीं घराचें? घराचें असेल तर पुढील सर्व निर्णय त्या उत्तरावरून ठरतात.

एकत्र बसून ऐकण्याची ही आवड सोलापुरांतही टिकून राहिली होती. १९९० सालीं मुंबईस सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही तबकड्यांच्या संग्राहकांची संस्था स्थापन झाली. तिची शाखा सोलापुरांतही होती, आणि संग्रहांतील जुन्या तबकड्या लावून चार जाणत्या मंडळींत त्या ऐकण्याचे कार्यक्रम येथें होत असत. ह्या मंडळींस बहुमोल यंत्रांपेक्षां त्यावर लागणाऱ्या गाण्याचें अगत्य अधिक होतें, हें आजच्या तरुणांनीं लक्षांत घेण्यासारखें आहे.

आतां शुक्रवार पेठेंतील आमच्या परिचयाच्या एका घराचें उदाहरण घेऊं. घर जुनें, मागील भागास जाड दगडी भिंती, लांकडी तुळयांवर माळवद आणि खालीं शहाबादी फरशी, पुढें रस्त्याच्या बाजूस अलीकडे बांधलेली स्लॅबची खोली, लांबी-रुंदीस बारा बारा फूट. घरांतील धाकट्या पुतण्यानें दोन वर्षें पैसे सांठवून चांगल्यापैकीं स्पीकर घेतले आणि ह्या नव्या खोलींत टीव्हीच्या दोहों बाजूंस, दोन कोपऱ्यांत, भिंतीस टेकवून ठेवले. आवाज मोठा झाला, पण गोड होईना. त्यानें अनुमान काढलें कीं अँप्लिफायर दुबळा आहे. दुप्पट किंमतीचा दुसरा घेण्याचें ठरलें व कर्जाची बोलणीही सुरू झाली. एके सायंकाळीं आजोबा काठी टेकीत तेथें येऊन बसले आणि थोडा वेळ ऐकून म्हणाले, "अरे बाळ, डग्गा तेवढा घुमतो आहे, पण बुवा कुठें बसले आहेत तें कांहीं कळत नाहीं रे."

आजोबांस ध्वनिशास्त्राचा गंध नव्हता. परंतु त्यांनीं केलेलें निदान शास्त्रशुद्ध होतें. बारा फूट अंतराच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्यें सेकंदास सुमारें ४७ कंपनांचा स्वर अडकून घुमूं लागतो, आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे ९४ कंपनांचाही. डग्ग्याची घुमक ह्याच टापूंतली. खोली चौरस असली म्हणजे लांबीचें घुमणें व रुंदीचें घुमणें एकाच स्वरावर येऊन बसतें. आणि स्पीकर कोपऱ्यांत ठेवला म्हणजे ह्या दोहोंस आणखी जोर चढतो. शिवाय उघड्या भिंतीवरून व फरशीवरून परतणारा आवाज मूळ आवाजाच्या पाठोपाठ क्षणार्धांत कानीं येतो, त्यामुळें गायकाची जागा पुसट होते. असल्या खोलींत लाख रुपयांचा अँप्लिफायर आणून ठेवला तरी तो तेंच घुमणें अधिक निष्ठेनें ऐकवील.

मग घरांतल्या मंडळीनें एक रविवार खर्च केला. स्पीकर मागील माळवदाच्या सोप्यांत नेले. ही खोली लांबट, म्हणून घुमणारे स्वर निरनिराळ्या ठिकाणीं विभागले जातात. तुळयांचें उंचसखल छतही आवाज सरळ परत न फेंकतां विखरून टाकतें. स्पीकर भिंतीपासून अडीच फूट पुढें घेतले. दोन स्पीकर व ऐकणारा ह्यांचा समभुज त्रिकोण साधला. स्पीकरांतील बारीक आवाजाचा भाग बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीस आणला. मध्यें फरशीवर जाजम टाकलें. नंतर आजोबांस त्यांच्या खुर्चीवर बसवून पुतण्यानें बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवीत नेला. ज्या जागीं आजोबांस आरशांत स्पीकर दिसला त्या जागीं, भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून, घडी घातलेली सोलापुरी चादर टांगली. दुसऱ्या बाजूस पुस्तकांचें उघडें कपाट होतेंच. मागील कोपऱ्यांत कापसाच्या दोन जुन्या गाद्या गुंडाळून उभ्या केल्या. चादरीनें मधला व बारीक आवाज आवरतो. खर्जास ती पुरत नाहीं, त्यास गादीसारखी जाडीच लागते. एवढें झाल्यावर तेंच गाणें पुन्हां लावलें, तेव्हां आजोबा म्हणाले, "हां, आतां समोर बसले." कर्जाची बोलणी तेथेंच थांबली.

खोली साधल्यावर मग यंत्राचा विचार. संचांतील सर्वांत मोठा फरक स्पीकर करतो. म्हणून एकंदर रकमेचा निम्मा भाग त्याकडे जावा असें आम्हांस वाटतें. ह्यासाठीं नेहमीं विलायतेकडेच पाहावें लागतें असेंही नाहीं. पुण्याच्या केडन्स ह्या कारखान्यानें विद्युत्-भारित पातळ पडद्याचे नाजूक स्पीकर बनवून परदेशच्या रसिकांपर्यंत पोंचविले होते. अँप्लिफायरच्या वॉटांस मात्र फार भुलूं नये. आवाज तीन डेसिबलनें वाढविण्यास शक्ति दुप्पट लागते, आणि कानास दुप्पट मोठा वाटण्यास जवळजवळ दहापट. म्हणजे पन्नास वॉटांच्या जागीं शंभर वॉट आणल्यानें होणारा फरक अगदीं थोडा. साधारण स्पीकरास एक वॉट दिला तरी दहा फुटांवर बोलण्याच्या आवाजाहून मोठें गाणें ऐकूं येतें. मैफलीच्या चढत्या तानांसाठीं थोडी शिल्लक शक्ति असावी, एवढेंच.

तारांच्या बाबतींत तर आम्हांस स्पष्टच बोललें पाहिजे. हजारों रुपये वार दरानें विकल्या जाणाऱ्या तारांचें जें स्तोत्र गाइलें जातें त्यांत आम्हांस तथ्य दिसत नाहीं. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी तार पंधरा-सोळा फुटांपर्यंत उत्तम काम देते. तिचा अडथळा आठ ओहमच्या स्पीकरापुढें शंभरांत एक भागही नसतो. ज्यास हें पटत नसेल त्यानें घरच्या घरीं परीक्षा घ्यावी. वहिनींनीं पडद्याआड तारा बदलाव्यात किंवा न बदलतां बदलल्याचा बहाणा करावा. आवाजाची पातळी तीच ठेवावी, कारण किंचित् मोठा आवाज कानास नेहमीं अधिक गोड वाटतो. आणि छंदी गृहस्थांनीं प्रत्येक वेळीं कोणती तार लागली आहे तें कागदावर लिहावें. दहा-बारा फेऱ्या झाल्यावर कागद उघडावा. त्यांतून निघणारें उत्तर दुकानदाराच्या व्याख्यानाहून अधिक विश्वसनीय असेल. हीच परीक्षा अँप्लिफायरास लावावी, आणि कॉम्पॅक्ट डिस्कहून सूक्ष्म म्हणविल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रणांसही. कॉम्पॅक्ट डिस्कवर सेकंदास ४४,१०० नमुने घेतलेले असतात, व माणसाच्या कानाची मजल जेथें संपते तेथपर्यंत ते पुरतात.

सुधारणा करावयाची ती एका वेळीं एकच. दोन वस्तु एकदम बदलल्या म्हणजे गुण कोणाचा व दोष कोणाचा हें समजत नाहीं. नेहमींचीं तीन गाणीं ठरवावींत, एक पुरुषाच्या आवाजाचें, एक स्त्रीच्या आवाजाचें व एक वाद्याचें. प्रत्येक बदलानंतर महिनाभर तींच ऐकून वहींत टिपण करावें. जुना स्पीकर टाकण्यापूर्वीं त्याच्या पडद्याची कड पाहावी. फोमची कड कांहीं वर्षांनीं आपोआप झिजून तुटते, आणि ती नवी बसविण्यास स्पीकराच्या किंमतीचा लहानसा अंश पुरतो.

आतां माळ्यावरील पेटीविषयीं. पुष्कळ घरीं आजोबा-पणजोबांच्या जुन्या तबकड्या एखाद्या ट्रंकेंत पडून असतात आणि घर आवरतांना भंगारवाल्याकडे जातात. तसें करूं नये. ह्या तबकड्या लाखेच्या. पडल्या तर फुटतात व स्पिरिटनें पुसल्या तर लाख विरघळून खराब होतात. त्या किंचित् ओल्या मऊ फडक्यानें पुसून लगेच कोरड्या कराव्यात. त्यांच्या चरीस इंचाच्या तीन सहस्रांश जाडीची सुई लागते; लाँग प्लेची सुई त्याच्या चौथाई जाडीची असल्यानें ती चरीच्या तळाशीं घासत राहते व खरखरच अधिक ऐकवते. टर्नटेबल घेतांना त्यास ७८ फेऱ्यांचा वेग आहे कीं नाहीं हें प्रथम विचारावें, कारण पुष्कळ नव्या यंत्रांस तो नसतो. जुना चावीचा ग्रामोफोन असल्यास लोखंडी सुई दर बाजूस नवी घालावी. लाँग प्लेच्या तबकड्या मात्र सोलापूरच्या उन्हाळ्यांत पत्र्याखालीं किंवा माळ्यावर ठेवूं नयेत, त्या वांकतात. आडव्या रचूं नयेत, उभ्या ठेवाव्यात.

दोन सूचना सुरक्षिततेच्या. सर्व यंत्रें एकाच बोर्डावरून चालवावींत. तसें न केल्यास पुष्कळदां अर्थिंगच्या फरकामुळें सतत गुणगुण ऐकूं येते. ती घालविण्यासाठीं प्लगाची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कदापि ऐकूं नये. त्यांत जिवास धोका आहे. दुसरें असें कीं, पेठेंतल्या घरांच्या भिंती शेजाऱ्यास लागून असतात आणि खर्ज भिंतीपलीकडे सहज जातो. २००० सालच्या नियमांनीं राहत्या वस्तींत रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. घरांत परीक्षेचा अभ्यास करणारें मूल किंवा आजारी माणूस असेल तेव्हां तर नियमाचीही वाट पाहूं नये.

शेवटीं वडीलधाऱ्यांविषयीं. वय वाढतें तसतसे बारीक स्वर प्रथम ऐकूं येईनासे होतात. म्हणून त्यांच्यासाठीं आवाज नुसता वाढवूं नये, त्यानें मुलांच्या कानांस त्रास होतो व वृद्धांस शब्द तरीही कळत नाहींत. त्यांस त्रिकोणाच्या टोकाची, मधली, जागा द्यावी. स्पष्ट आवाज तेथें सर्वांत अधिक मिळतो, आणि त्याची गरजही सर्वांत अधिक त्यांसच असते. ज्याच्या पैशानें यंत्र आलें त्यानें बाजूस बसण्यांत कांहीं कमीपणा नाहीं.

शुक्रवार पेठेंतील त्या घरीं आतां दर शनिवारीं रात्रीं जेवणानंतर तासभर सोप्यांत गाणें होतें. पहिलें गाणें आजोबांच्या पसंतीचें, दुसरें काकूंच्या, शेवटचें मुलांच्या. मुलांचें गाणें आजोबांस रुचतेंच असें नाहीं, पण ते उठून जात नाहींत. आमच्या वाचकांनीं ह्या महिन्यांत कांहींही विकत न घेतां एवढेंच करावें: आहे तेंच यंत्र कोपऱ्यांतून बाहेर काढावें, जाजम टाकावें, आरसा फिरवावा, आणि घरांतील सर्वांत वृद्ध व्यक्तीस मध्यें बसवून गाणारा कुठें बसला आहे तें विचारावें. त्यांचें उत्तर आम्हांस अवश्य कळवावें.