शक्तिमान आणि आप्पांची वही

परवा चाकणच्या चौकात नेहमीप्रमाणे अडकलो होतो. पुढे लष्कराच्या गाड्यांची लांब रांग. सगळे सपाट तोंडाचे हिरवे स्टॅलियन. शेजारी माझा चिरंजीव. त्याला म्हटलं, "आमच्या लहानपणी या जागी शक्तिमान असायचे." त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि विचारलं, "ते गोल गोल फिरणारे? एवढे सगळे?"

त्याची चूक नाही. शक्तिमान मालिका १९९७ मध्ये सुरू झाली आणि शक्तिमान ट्रकचं उत्पादन त्याच्या साधारण वर्षभर आधी, १९९६ च्या सुमारास, थांबलं होतं. एक शक्तिमान गेला, दुसरा आला :)

तर मंडळी, आज या पहिल्या शक्तिमानाबद्दल लिहायचं आहे. खरं तर एक जुनी चूक कबूल करायची आहे.

घरातल्या लोकांना आठवत असेल. वीसेक वर्षांपूर्वी कोरेगावला दिवाळीत सगळे जमलो होतो. मी नुकताच गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात डिझाइनला लागलो होतो, त्यामुळे अंगात जरा वारं होतं. आप्पाकाका (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : माझे चुलते, आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर, हयातीतला बराच काळ श्रीनगर-लेह रस्त्यावर) शक्तिमानच्या गोष्टी सांगत होते. मी मध्येच म्हणालो, "आप्पा, पन्नासच्या दशकातलं जर्मन डिझाइन चाळीस वर्षं बनवत बसले. भंगार होतं ते."

आप्पा एवढंच म्हणाले, "आसंल बाबा. तू शिकलेला हैस." आणि उठून गोठ्याकडे गेले. विषय संपला. पुढे कधी निघालाच नाही. आप्पा जाऊनही आता तीन वर्षं होतील.

माझं म्हणणं पूर्ण खोटं होतं असं नाही, म्हणून आधी इतिहास सांगतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या सैन्याच्या वाट्याला आल्या त्या युद्धातून उरलेल्या गाड्या. डॉज, फोर्ड, शेवरले... दहा तऱ्हांच्या गाड्या आणि त्यांना दहा तऱ्हांचे सुटे भाग, तेही परदेशातून. १९५८ मध्ये जर्मनीच्या एम.ए.एन. कंपनीशी परवान्याचा करार झाला आणि १९५९ मध्ये जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत शक्तिमान बनू लागला. सुरुवातीला जर्मनीहून आलेले भाग जोडून, मग हळूहळू एकेक भाग इथे बनवून. पुढे जबलपूरलाच यासाठी वेगळी व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली. निसानच्या परवान्यावरची एक टनी गाडी आणि जोंगा हीसुद्धा जबलपूरचीच. (जोंगा हे नाव म्हणजे जबलपूर, ऑर्डनन्स, गन कॅरेज वगैरेंची आद्याक्षरं आहेत, हे मला फार उशिरा कळलं.)

तेव्हा संरक्षणमंत्री होते कृष्ण मेनन. सरकारी शस्त्रकारखाने बंदुका सोडून कॉफीची यंत्रं बनवतात, अशी त्यांची टिंगल व्हायची. १९६२ च्या पराभवानंतर मेनन गेले, आणि ते जायलाच हवे होते असं माझंही मत आहे. पण तो ट्रक राहिला. त्या युद्धात नामका चूच्या काठावर लढणाऱ्या जवानांपर्यंत ट्रक पोचूच शकत नव्हता, कारण तिथवर रस्ता नव्हता. विमानातून टाकलेला माल आणि हमालांच्या पाठी, यावर सगळी भिस्त. रस्ते बांधणारी सीमा सडक संघटनाच मुळी १९६० मधली. म्हणजे पुढच्या तीस वर्षांत डोंगरात रस्ते वर चढत गेले आणि त्या रस्त्यांवरून शक्तिमान वर चढत गेला, असं म्हणायला हरकत नाही.

लष्करी ट्रक म्हणजे हिरवा रंग दिलेला मालट्रक नव्हे. इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळावी लागते. पोट जमिनीपासून उंच लागतं. रस्ता नसेल तिथेही वजन घेऊन जायचं असतं, म्हणून डांबरी रस्त्यावर जास्त ओढू शकणाऱ्या शक्तिमानला सैन्यात 'थ्री टनर' म्हणायचे. अमेरिकेचा प्रसिद्ध अडीच टनी ट्रकही असाच, डांबरी रस्त्यावर पाच टन ओढणारा.

आणि हा अमेरिकन ट्रकच माझ्या दिवाळीतल्या शहाणपणाला उत्तर आहे. एम-३५ हा ट्रक अमेरिकेने १९५० मध्ये बनवायला घेतला आणि १९८० च्या दशकातही तो बनतच होता. रशियाचा उराल-३७५ आला १९६१ मध्ये, आणि त्याच्याच पुढची आवृत्ती रशियन सैन्य आजही वापरतं. म्हणजे जुनं डिझाइन चाळीस वर्षं चालवणं ही काही आपलीच मक्तेदारी नाही. लष्कराला जुना ट्रक हवाच असतो. झोजिलाला, साडेअकरा हजार फुटांवर गाडी बंद पडली तर मागून येणाऱ्या गाडीचा भाग हिला बसला पाहिजे, आणि तो बसवता येणारा माणूस प्रत्येक गाडीत पाहिजे. सगळ्या गाड्या एकसारख्या असणं हीच तिथली सोय. आप्पांना हे कळत होतं. मला कळत नव्हतं.

पण फरक आहे, आणि माझा मुद्दा इथेच आहे. अमेरिकेने एम-३५ चा सांगाडा ठेवला आणि आतलं बदलत नेलं. पेट्रोल इंजिन काढून निरनिराळ्या इंधनांवर चालणारं इंजिन बसवलं, नव्वदच्या दशकात जुन्याच गाड्यांना नवं इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला. उरालला १९७७ मध्ये पेट्रोलऐवजी डिझेल इंजिन मिळालं. आपल्याकडे एकेक भाग देशी झाला, ते मोठंच काम होतं. पण शक्तिमानचा वारस आपण शक्तिमानमधून घडवला नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी जबलपुरात अशोक लेलँडचा स्टॅलियन आणि टाटांचा अडीच टनी ट्रक जोडायला सुरुवात झाली. दुसऱ्याचा आराखडा गेला, दुसऱ्याचाच आला. बनवायला शिकलो, आखायला नाही.

यावर 'सरकारी कारखाना म्हटला की असंच' हे ठरलेलं वाक्य येतं. मला ते पुरेसं वाटत नाही. टाटांनीही १९५४ मध्ये मर्सिडीज-बेंझचा हात धरूनच ट्रक सुरू केले. म्हणजे गुरू तेव्हाही जर्मनच. १९६९ मध्ये करार संपला, हात सुटला, आणि १९८६ मध्ये जपानी छोट्या ट्रकांशी टक्कर द्यायला पुण्यात ४०७ उभी राहिली. अक्कल दोन्हीकडे होती. पण टाटांचं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाऊ शकत होतं. ट्रक घेतलेला सरदारजी शिव्या घालायचा आणि त्या शिव्या कुठून तरी आराखडा काढणाऱ्यापर्यंत पोचायच्या. जबलपूरचं गिऱ्हाईक एकच, आणि ते शिस्तीचं. मिळेल ती गाडी घ्यायची आणि चालवून दाखवायची. शिवाय लष्करी वाहनांचं संशोधन करणारी संस्था आमच्या नगरला (आता अहिल्यानगर), कारखाना जबलपूरला आणि स्टिअरिंगवर बसलेला माणूस द्रासच्या बर्फात. तिघांनी एका टेबलाशी बसायचं म्हटलं तरी किती अवघड!

हे सगळं मला सुचलं ते आप्पांच्या वहीमुळे. वर्षश्राद्धाला काकूंनी त्यांची ट्रंक उघडली. त्यात एक खाकी कव्हर घातलेली वही होती. वर लिहिलेलं, 'वही २'. आत मोडी वळणाच्या मराठीत नोंदी. रात्री गाडी उताराकडे तोंड करून लावावी, चाकाखाली दगड द्यावेत. सकाळी बॅटरीने दगा दिला तर दगड काढून ढकलता येते. बॅटरी काढून तंबूत घ्यावी. रेडिएटरपुढे पोतं बांधावं, चढ लागला की अर्धं सोडावं. डिझेलच्या नळीत हवा धरली तर ती कुठल्या नटाशी सोडावी, आणि हातमोजा न काढता तो नट फिरवायला पाना कसा वाकवून घ्यावा, याचं चित्रसुद्धा.

त्या शेवटच्या चित्रापाशी मी बराच वेळ थांबलो. मी वीस वर्षं हेच काम करतोय. उणे वीस तापमानात मोजा न काढता फिरवता येत नाही असा नट, ही ड्रायव्हरची अडचण नसते, आराखड्यातली चूक असते. आप्पांनी ती शोधली होती, तिच्यावर उपायही काढला होता. आणि पुढे ते सगळं ट्रंकेत गेलं. मी काकूंना विचारलं, ही वही त्यांनी कुणाला दाखवली होती का? काकू म्हणाल्या, "तुला दाखवनार हुते. त्या दिवाळीला."

...

असो.

१ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त झालं, सात कंपन्या झाल्या आणि जबलपूरची व्हेईकल फॅक्टरी 'आर्मर्ड व्हेईकल्स निगम'कडे गेली. कंपनी झाल्याने सगळं सुधारेल असं म्हणणारेही भेटतात आणि सगळं बुडेल असं म्हणणारेही. मला वाटतं, पाटी कुठलीही असो, प्रश्न एकच विचारायचा : गाडी चालवणाऱ्याची वही आराखडा काढणाऱ्याच्या टेबलावर पोचते का? पोचत असेल तर चाळीस वर्षं जुना ट्रकही रोज थोडा नवा होत राहील. पोचत नसेल तर नवा कोरा ट्रकसुद्धा आल्या दिवसापासून जुनाच.

वहीच्या झेरॉक्स काढून आमच्या डिझाइनमधल्या मुलांना वाटल्या आहेत. मोडी वळणाशी झटतायत बिचारी, पण वाचतायत.

ता. क. : ही 'वही २' आहे, म्हणजे एक नंबरची कुठेतरी असणार. कोरेगावच्या माळ्यावर, साताऱ्याला आत्याकडे, कुणाकडेही सापडली तर कृपा करून रद्दीत घालू नका. मला फोन करा, मी स्वतः न्यायला येतो.