कंदमुळं सोडली म्हणून तपासणीही सोडायची?



परवा स्थानकात सामायिकानंतर एक भाभी म्हणाल्या, "आपल्याला कशाला होतोय स्तनाचा कॅन्सर? आपण कांदा-बटाटासुद्धा खात नाही." चौघींनी माना डोलावल्या. मला रागच आला. याच समजुतीपायी माझ्या नणंदेने गाठ आठ महिने लपवली होती.

कंदमूळ-त्याग अहिंसेसाठी आहे, ती विम्याची पॉलिसी नव्हे. दारूने हा धोका वाढतो, तेवढा आपला फायदा खरा. पण पाळी गेल्यावरही अंगावरची चरबी इस्ट्रोजेन तयार करत राहते, आणि या कॅन्सरच्या बऱ्याच गाठी त्यावरच पोसतात. मग पारण्याचा शिरा, डब्यातलं फरसाण यांचा हिशेब कोण ठेवतं? मी बी.कॉम. आहे, मांडून दाखवते: जमेला एक आयंबिल, नावे अख्खी लग्नसराई!

नुसतं तूप कमी करूनही भागत नाही. अमेरिकेत पाळी गेलेल्या ४८,८३५ बायकांवर प्रयोग झाला. २००६ साली निकाल आला: तेल-तूप कमी करणाऱ्या गटात हा कॅन्सर ९ टक्के कमी, पण तो फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान.

उलट मुंबईत टाटा मेमोरियलने वस्त्यांमधल्या बायकांची आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी, चार वेळा, नुसत्या हाताने तपासणी करून घेतली. वीस वर्षांचा हिशेब पाहिला तर पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी.

त्या भाभींना मी मंगळवारी तपासणीला नेते आहे. रिक्षात अजून एकीची जागा आहे.